काचेच्या बशीतला पुष्कर

बंगळूर
४ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार. तुम्ही घरात फोन ठेवत नाही आणि ठेवणारही नाही, हे मी आता मान्य केलं आहे. म्हणून पत्र. शिवाय जे सांगायचं आहे ते मला फोनवर जमलंही नसतं.

पुष्करदादाला जाऊन सहा महिने झाले. दोन वर्षांपूर्वी तो ऑफिसात पहिल्यांदा बेशुद्ध पडला, तेव्हा मी त्याला इकडे बोलावून घेतलं होतं. आमच्या प्रयोगशाळेनं तेव्हा त्याच्या दंडावरची थोडीशी कातडी घेतली, मसुराच्या दाण्याएवढी. त्यानं सही करताना म्हटलं होतं, "घे, लोणचं घाल." त्या पेशींना आम्ही आधी आपण कातडी आहोत हे विसरायला लावलं आणि मग हृदयाच्या पेशी व्हायला शिकवलं. हे आता पुष्कळ ठिकाणी करतात.

आत्या, त्या जिवंत आहेत. काचेच्या बशीत, गुलाबी पाण्यात, अंगाच्या उबेएवढ्या उबेत. आणि त्या धडधडतात. कणीएवढा पांढुरका पुंजका आवळतो, सैल होतो. मिनिटाला बावन्न. दादाची नाडी तेवढीच होती.

आता कामाचं. दादाच्या एका जनुकात एक बदल सापडला आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीला निवावं लागतं. त्यासाठी तिच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर सोडणारी दारं असतात. दादाच्या पेशींत ही दारं तयार होतात, पण त्यांची घडी चुकते. चुकलेला माल पेशी आतच अडवून ठेवते. दारं आत पडून, भिंत बंद. मात्र हा बदल आजवर कुणात नोंदलेला नाही, त्यामुळे दादा यानंच गेला असं म्हणायला डॉक्टर तयार नाहीत. घरात आणखी कुणी तरुणपणी असं अचानक गेलं असेल, तर गोष्ट वेगळी.

माझ्यात तो बदल नाही. बाबा किडनीनं गेले, त्यांचं रक्त आता मिळणार नाही. तुमचं मिळालं तर बरं होईल. आणि दादाची मुग्धा सात वर्षांची आहे. बापाकडून तिला हे मिळालेलं असण्याची शक्यता निम्मी आहे. गोपिकावहिनी तिला तपासायला नेत नाहीत. म्हणाल्या, "यमुआत्या म्हणतील तर नेईन. नाही तर माह्या चांगल्या पोरीले काहून बिमार ठरवता?"

म्हणजे सगळं तुमच्या शब्दावर आलं आहे. आपल्या घरात असं कुणी गेलं होतं का?

तुमची
भैरवी

*

सक्करदरा, नागपूर
१२ ऑगस्ट २०२४

चि. भैरवी,

आशीर्वाद. पत्र दोनदा वाचलं. एकदा प्राणिशास्त्राची शिक्षिका म्हणून, एकदा आत्या म्हणून. शिक्षिकेला ते समजलं. आत्याला राग आला.

तेहतीस वर्षं मी कॉलेजात बेडकाचं काळीज काढून मिठाच्या पाण्यात ठेवलं आणि ते धडधडताना मुलांना दाखवलं. कुणी घाबरलं नाही, मीही नाही. पण बेडकाला नाव नव्हतं.

पुष्करच्या अस्थी मी स्वतः रामटेकला नेऊन अंबाळ्याच्या पाण्यात सोडल्या. आता तू सांगतेस की माणूस सगळा गेलेला नाही, थोडा शिल्लक आहे आणि बंगळूरला आहे. हे सांगायला तुला सहा महिने लागले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आपल्या घरात असं कुणी गेलेलं नाही. माझी धाकटी बहीण कुसुम सतराव्या वर्षी गेली, पण ती तापानं. मार्च १९७३. तुझे बाबा, म्हणजे मधुकर, तेव्हा वर्ध्याला शिकायला होते. मी घरीच होते. ताप होता.

गोपिका रविवारी आली होती. तिलाही हेच सांगितलं. तिचा जीव भांड्यात पडला. तिला पुन्हा त्रास देऊ नकोस. माझं रक्तही मागू नकोस. सत्तरी उलटलेल्या बाईच्या रक्तात शोधण्यासारखं काही नसतं.

ती बशी बंद कर.

यमुआत्या

*

बंगळूर
२१ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

तुमचं पत्र वाचून मला आपलं घर आठवत राहिलं. दादा आणि मी सुट्टीत यायचो. झोपलेल्या माणसाला हाक मारायची नाही, पायाच्या अंगठ्याला हात लावून उठवायचं. देवघरातल्या घंटेचा लोलक फडक्यात बांधलेला. कुकर नाही, वरण पातेल्यात. लग्नाचा बँड गल्लीच्या तोंडाशी थांबवला जायचा, आत फक्त माणसं यायची. मी एकदा कारण विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "शिस्त." आत्या, ही शिस्त कुणी लावली?

विचारते, कारण दादा गेला तो मोबाइलच्या गजरानं. वहिनी म्हणाल्या होत्या की गजर वाजत राहिला आणि त्यानं बंद केला नाही. मला वाटतं तो वाजला आणि त्यानंतर बंद करायला दादा उरलाच नाही.

पेशींना कान नसतात. पण माणूस दचकला की अंगात ॲड्रिनॅलिन सुटतं, आणि ते आम्हाला बाटलीत मिळतं. निरोगी पेशींवर एक थेंब टाकला तर त्या जोरात धडधडतात आणि मग शांत होतात. दादाच्या पेशी आधी वेड्यावाकड्या फडफडतात, मग थांबतात. चार सेकंद, पाच सेकंद. मग पुन्हा सुरू होतात. दिवसातून सहा वेळा आम्ही त्याला दचकवतो.

परवा माझा सहकारी अश्विन हातातली नळी खाली ठेवून म्हणाला, "आज तू कर. हा मला ओळखायला लागलाय. मी समोर बसलो की थेंब पडायच्या आधीच अडखळतो." आम्ही हसलो. मग मी एकटीनं नोंदी काढून बघितल्या. त्याच्या नऊ पाळ्यांपैकी सात वेळा ठोके खरोखर आधी अडखळले होते. काही कारण असेल. तो उबेच्या कपाटाचं दार जोरात लावतो, बशी हलत असेल. आता त्याला दार हळू लावायला सांगितलं आहे. तो हळू लावतो. फरक पडलेला नाही.

पेशींना कान नसतात हे मी वर एकदा लिहिलं आहे. पुन्हा लिहावंसं वाटलं.

भैरवी

*

सक्करदरा
३० ऑगस्ट २०२४

चि. भैरवी,

ती रीत माझ्या आईची. तिला तिच्या सासूनं लावली. कारण तिला ठाऊक नव्हतं, मला तर ती वेडगळ वाटायची. पुढे मीही पाळली, कारण आवाज मला सहन होत नाही. यापलीकडे त्यात काही शोधू नकोस.

तुझ्या पत्रामुळे मात्र एक झालं. दुपारी उशीला कान टेकला की मला माझी नाडी ऐकू येते. पूर्वीही येत असेल, पण मी मोजत नव्हते. मधेच एक ठोका उशिरा येतो. तेवढ्या वेळात घर केवढं मोठं वाटतं! काल शेजारची वंदना चाळणी मागायला आली आणि दारातच थबकली. म्हणाली, "ताई, एकट्याच कोनाशी बोलून राहिल्या जी?" मी म्हटलं, "मोजून राहिले वं." ती चाळणी न घेताच गेली.

हे असं चालणार नाही. माणूस एकदा मरतो. त्याला दिवसातून सहा वेळा मारायचा अधिकार तुला कुणी दिला? सोबत गोपिकेच्या सहीचा कागद आहे. पुष्करनं दिलेली परवानगी त्याची बायको म्हणून ती मागे घेते आहे. मजकूर मी लिहून दिला. सर्वपित्री अमावास्येच्या आत सगळं संपव. त्या दिवशी मी त्याचं पान वाढणार आहे आणि ते मला निश्चिंत मनानं वाढायचं आहे.

यमुआत्या

*

बंगळूर
३ ऑक्टोबर २०२४

आत्या,

काल, अमावास्येला, सकाळी बशा बंद केल्या. पद्धत अशी की त्यांत जंतुनाशक ओततात. अश्विन बाहेर गेला, मी एकटी होते. ओतल्यावर लगेच थांबतील असं वाटलं होतं. अकरा ठोके पडले. अकरावा बराच उशिरा आला, आणि तोवर मी बशी हातात घेऊन उभी होते.

तुम्ही सांगितलंत म्हणून केलं. मुग्धाची तपासणी मात्र करा. एवढंच मागते.

भैरवी

*

सक्करदरा
२४ नोव्हेंबर २०२४

भैरवी,

गोपिकेनं तुला फोनवर सांगितलंच आहे. तरी क्रमानं लिहिते, कारण पुढचं क्रमानंच लिहिता येईल.

बुधवारी मुग्धा शाळेतून आली आणि मनीषनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दिवाणावर झोपली. गोपिकेनं कुकर लावला. पहिल्या शिट्टीला पोर उठून बसली, आईकडे पाहिलं आणि आडवी झाली. गोपिका ओरडत जिन्यात धावली. खालच्या मजल्यावर मिनल नावाची नर्स राहते, ती नेमकी घरी होती. तिनं छाती दाबून पोरीला परत आणलं. आज पाचवा दिवस. दवाखान्यात आहे, पोहे मागते आहे.

गोपिका मला हे सांगत होती आणि प्रत्येक पुढचा शब्द मला आधीच माहीत होता. उठून बसली. पाहिलं. आडवी झाली.

कुसुमला ताप नव्हता.

मी नुकतीच बी.एस्सी. झाले होते. घरात घंटा वाजत नाही, गजर लावत नाहीत, याची मला कॉलेजात लाज वाटायची. कुसुमची मॅट्रिकची परीक्षा होती आणि ती दुपारी झोपायची. मी इतवारीच्या बाजारातून दोन घंट्यांचं गजराचं घड्याळ आणलं. तिला अभ्यासाला उठवायचं हे निमित्त. खरं म्हणजे आईला दाखवायचं होतं की काही होत नाही. आई देवळात गेलेली बघून तीनचा गजर लावला, घड्याळ कुसुमच्या उशाशी ठेवलं आणि मी खुर्चीत बसून राहिले. गजर झाला. ती उठून बसली. माझ्याकडे पाहिलं, काही विचारायचं असावं तसं. मग आडवी झाली.

आई यायच्या आत मी घड्याळ सक्करदऱ्याच्या तलावात टाकून आले. येऊन कुसुमच्या कपाळावर ओली घडी ठेवली. आई आली तेव्हा घडी ओली होती, म्हणून सगळ्यांनी ताप मानला. आईनं मला काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी तिनं देवघरातलं फडकं धुवून पुन्हा घंटेला बांधलं. त्यानंतर ती मला कुठलंच काम सांगायची नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला पुष्करची काळजी वाटली नव्हती, भीती वाटली होती. एकावन्न वर्षांनी एक साक्षीदार निघाला होता, आणि तो बोलायच्या बेतात होता. पितर, पान, निश्चिंत मन, हे सगळं मी त्यावर पांघरलेलं होतं. मी खोटं बोलले म्हणून गोपिका निर्धास्त राहिली आणि तिनं कुकर लावला. तिला मी काल हे सगळं सांगितलं. ती पाण्याचा तांब्या उचलून दुसऱ्या खाटेपाशी जाऊन बसली.

तुझ्या डॉक्टरांना सांग: घराण्यात होतं. कुसुम, वय सतरा, आवाजानं, झोपेतून. हवं तर सही-शिक्क्यानं लिहून देते.

आणि मला सांग, त्या बशीतलं काही उरलं आहे का? तू ओतलंस, मी ओतायला लावलं. पोरीला ज्याचा उपयोग झाला असता तेच मी ओतायला लावलं.

यमू

*

बंगळूर
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

खोटं तुम्ही एकट्या बोलला नाहीत.

बशा मी बंद केल्या, अकरा ठोके खरे होते. पण त्याआधी दादाच्या मूळ पेशींची एक कुपी मी दुसऱ्या नावाची चिठ्ठी लावून गोठवून ठेवली होती. वहिनींनी परवानगी मागे घेतली होती, म्हणजे ही सरळ चोरी. काल मी आमच्या प्रमुखांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, कुपीला हात लावायचा नाही, आधी त्याच्या पत्नीची नवी सही. सही आली नाही तर कुपीही जाईल आणि कदाचित मीही.

दोन महिने दादा द्रव नायट्रोजनमध्ये आहे, शून्याखाली एकशे शहाण्णव अंशांवर. त्या थंडीत काहीच घडत नाही. पेशी मरत नाही, जगतही नाही. त्या टाकीशेजारून जाताना मी दार हळू लावते.

कुसुमआत्याबद्दल डॉक्टरांना लिहिलं. त्या एका ओळीनं सगळं बदललं. मुग्धाचं रक्त पाठवा. तुमचंही.

भैरवी

*

सक्करदरा
१६ डिसेंबर २०२४

चि. भैरवी,

गोपिकेची सही सोबत आहे. मी मागितली नाही, तिनं स्वतःहून केली. एवढंच म्हणाली, "पोरीसाठी करून राहिली, तुमच्यासाठी नाही." बरोबर आहे.

मुग्धाच्या रक्तात तो बदल निघाला. गोळी सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ, चुकवायची नाही. मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलले. मुग्धाच्या वर्गाबाहेरची घंटा त्यांनी काढली. आधी काढत नव्हते.

माझ्या रक्तातही निघाला. हृदयाचा आलेखही तसाच, ठोक्यानंतरची शेपटी लांब. म्हणजे १९७३ साली त्या खोलीत तो गजर आम्ही दोघींनी ऐकला. दोघींनाही तेच दुखणं. ती झोपलेली होती, मी जागी होते. डॉक्टर म्हणाले, एवढ्या फरकानंही होतं.

कुपी उघड.

यमुआत्या

*

बंगळूर
९ मार्च २०२५

प्रिय आत्या,

पेशी वितळवल्या, वाढवल्या, पुन्हा हृदयाच्या केल्या. दहाव्या दिवशी सकाळी बशीत हालचाल नव्हती. दुपारी होती. मोजायची मला भीती वाटली, अश्विननं मोजलं. बावन्न.

दुसऱ्याच एका दुखण्यासाठी वापरात असलेलं एक औषध आहे. घडी चुकलेल्या प्रथिनाला ते आतून आधार देतं. ते आम्ही दादाच्या पेशींना दोन दिवस दिलं. आत अडकलेली दारं भिंतीपर्यंत पोहोचली, सगळी नाही, पण पुष्कळ. मग ॲड्रिनॅलिनचा थेंब टाकला. आत्या, तो थांबला नाही. सहा वेळा टाकला. सहाही वेळा धडधडून शांत झाला.

बशीत चाललेलं मुलीच्या अंगात चालेलच असं नाही. मात्रा ठरवायची, अपाय बघायचे, दुसरी रेणुरचना शोधायची. वर्षं लागतील. तोवर रोजची गोळी आहेच. पण प्रत्येक पायरीवर औषध आधी दादाला द्यावं लागेल. आणि ते चाललं की नाही हे बघायचं तर त्याला दचकवावं लागेल, रोज.

एक गोष्ट सांगायची राहिली. अश्विन समोर बसला की थेंबाआधी येणारं ते अडखळणं या नव्या पेशींतही आहे. या पेशींनी अश्विनला कधी पाहिलेलं नाही, म्हणजे पाहण्याचा प्रश्नच नाही, पण तुम्हाला समजेल मी काय म्हणते ते. औषधानं बाकी सगळं सुधारलं. ते सुधारलं नाही.

तुम्ही एकदा म्हणाला होतात की माणूस एकदा मरतो. म्हणून विचारते. करत राहू का? वहिनींनी निर्णय तुमच्यावर सोडला आहे. म्हणाल्या, "त्याइलेच सांगू दे."

वहिनींच्या मोबाइलवर चित्रफीत पाठवली आहे. बघा.

भैरवी

*

सक्करदरा
१८ मार्च २०२५

चि. भैरवी,

आशीर्वाद. चित्रफीत पाहिली. गोपिका काल मुग्धाला घेऊन आली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं माझ्या हातचा चहा घेतला. मोबाइलचा आवाज बंद होता. मुग्धा माझ्याशेजारी बसली होती आणि मी सवयीनं तिचं मनगट धरलं होतं.

पडद्यावर तो पांढरा ठिपका आवळत होता, सैल होत होता. मुग्धानं विचारलं, "आजी, बाबा झोपून राहिले का?"

गोपिका माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही. काम करून राहिले."

"कायचं काम?"

"तुझं औषध आधी ते चाखतात. त्यांना मानवलं तर तुला."

तिला ते पटलं. मुलांना पटतं. ती पुढे वाकून बघत राहिली आणि माझ्या बोटांखालची तिची नाडी हळू होत गेली. तिची गोळी नाडी हळू करते, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते: काही वेळ पडद्यावरचा ठोका आणि बोटाखालचा ठोका एकच होता. पडद्यावर एक ठोका चुकला, तेव्हा मी मनगट सोडलं. तिचा चुकला की नाही हे मी बघितलं नाही. पुढच्या क्षणी ती बिस्किट मागत होती.

तू विचारलंस म्हणून उत्तर देते. माझा तर्क चालतो तिथपर्यंत ती कातडी आहे, आणि कातडीला दुखत नाही. त्यापुढे काय असेल ते मला माहीत नाही, तुलाही नाही, अश्विनलाही नाही. समजा काही असलं. समजा दर वेळी त्याला कळत असलं की आता थेंब पडणार. तरीही करत राहा. दिवसातून सहा वेळा करतेस, गरज पडली तर दहा वेळा कर.

लोक विचारतील, वंदनेनं तर विचारलंच, की पोराला सुटका आहे की नाही. मी सांगितलं, सध्या नाही. त्याची पोरगी सात वर्षांची आहे. ती मोठी होईपर्यंत तो सुटणार नाही. तो बाप आहे.

अश्विनला म्हणावं, समोर बसलास की आधी त्याला नाव घेऊन सांग, आता टाकतो आहे. तेवढी रीत पाळा.

यमुआत्या